मोठ्यांपेक्षा मुलेच अधिक : अमेरिकेतील सरकारी वसाहतींमधले बालपण

शिकागोच्या दक्षिण भागात १९६२ साली रॉबर्ट टेलर होम्स ही सरकारी वसाहत पूर्ण झाली. सोळा मजल्यांच्या २८ इमारती स्टेट स्ट्रीटच्या कडेने सुमारे दोन मैल लांबीच्या अरुंद पट्ट्यात ओळीने उभ्या करण्यात आल्या होत्या, आणि त्यांतील चार हजारांहून अधिक घरांमध्ये ऐन भराच्या काळात सुमारे २७,००० लोक राहत होते. त्यांपैकी जवळपास २०,००० मुले होती, म्हणजे एका प्रौढ माणसामागे जवळजवळ तीन मुले. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती भागांत असलेल्या अशा वसाहतींमधल्या गरिबीविषयी बोलताना बहुतेक जण टोळ्या, अमली पदार्थ आणि गोळीबार यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात या मुलांच्या संख्येपासून करायला हवी, कारण ती संख्या कायदे, नकाशे आणि अंदाजपत्रके यांनी घडवलेली होती आणि पुढे जे बिघडले त्यातील बरेचसे तिच्या आधारे समजू शकते.

या वसाहतींना रहिवासी स्वतः ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. त्यांचा पाया १९३७ च्या संघीय गृहनिर्माण कायद्याने घातला. व्यवस्था अशी होती की बांधकामाचा खर्च वॉशिंग्टनचे सरकार उचलेल, इमारतींची मालकी प्रत्येक शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे राहील आणि रोजची देखभाल, पाणी, उष्णता व दुरुस्ती यांचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून भागेल. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगले घर मिळावे असे उद्दिष्ट जाहीर केले आणि ८,१०,००० नवी सरकारी घरे बांधण्यास मंजुरी दिली. सुरुवातीच्या काळात या घरांसाठी लोकांची रीघ लागत असे, कारण मोडकळीला आलेल्या भाड्याच्या खोल्यांतून निघून गरम पाणी, स्वतःचे स्नानगृह आणि उजेड असलेल्या घरात जाणे ही मोठीच प्रगती होती. न्यूयॉर्कच्या प्राधिकरणाने १९३५ साली फर्स्ट हाउसेस ही आपली पहिली वसाहत सुरू केली, तेव्हा नोकरी, कुटुंबाची स्थिती आणि पूर्वीचे भाडे वेळेवर भरले की नाही, हे सारे तपासून भाडेकरू निवडले जात. या घरांचे पुढे काय झाले ते पाहताना ही सुरुवात लक्षात ठेवली पाहिजे, नाहीतर सरकारने बांधलेली घरे मुळातच नापास ठरायची होती असा चुकीचा समज होतो.

इमारती कोठे बांधायच्या हा पहिला निर्णायक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर वर्णभेदाने दिले. १९३० च्या दशकात संघीय संस्थांनी तयार केलेल्या गृहकर्जाच्या नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्यांना धोक्याचा लाल रंग दिला गेला होता, आणि त्यामुळे तेथील कुटुंबांना कर्ज काढून स्वतःचे घर घेणे जवळपास अशक्य होते. शिकागोत प्राधिकरणाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष रॉबर्ट टेलर यांनी सरकारी घरे शहराच्या सर्व भागांत, गोऱ्या वस्त्यांमधील मोकळ्या जागांवरही, बांधावीत असा आग्रह धरला होता. नगर परिषदेने त्या जागा नाकारल्या आणि टेलर यांनी १९५० साली पद सोडले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे नाव नेमक्या अशा वसाहतीला दिले गेले, जी कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतच, एका बाजूला रेल्वेमार्ग आणि नव्याने झालेला डॅन रायन महामार्ग अशा जागेत कोंबलेली होती. १९६६ साली डोरोथी गोट्रो आणि इतर भाडेकरूंनी या धोरणाविरुद्ध खटला दाखल केला. जागांची निवड वंशभेद करणारी होती असा निकाल १९६९ साली लागला आणि १९७६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन रहिवाशांच्या बाजूने सुटले, परंतु तोवर बहुतेक उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या.

आता मुलांच्या संख्येकडे परत येऊ. मोठ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना खासगी घरमालक जागा देत नसत, म्हणून प्राधिकरणाने तीन, चार आणि अधिक शयनगृहांची घरे मोठ्या प्रमाणात बांधली. हेतू चांगला होता. पण जमीन थोडी मिळाल्यामुळे आणि प्रत्येक घरामागे किती खर्च करता येईल यावर वॉशिंग्टनची मर्यादा असल्यामुळे ही मोठी घरे एकावर एक रचून उंच इमारती करण्यात आल्या. परिणामी जगातल्या कोणत्याही सामान्य वस्तीत न आढळणारे प्रमाण येथे तयार झाले. एरवी एखाद्या गल्लीत मुलांपेक्षा मोठी माणसे अधिक असतात. मूल काही चुकीचे करू लागले तर कोणी शेजारी हटकतो, कोणी दुकानदार नजर ठेवतो, कोणी आजी खिडकीतून हाक मारते. ही देखरेख कोणी ठरवून करत नाही, पण वस्ती सुरक्षित राहते ती बरीचशी तिच्यामुळे. जेथे एका प्रौढामागे तीन मुले आहेत, त्या प्रौढांतल्या अनेक जणी एकट्या आई आहेत आणि त्यांपैकी कोणी बाराव्या मजल्यावर स्वयंपाक करत असताना तिचे सात वर्षांचे मूल खाली मैदानात आहे, तेथे ती देखरेख शक्यच नसते. इतिहासकार डी. ब्रॅडफर्ड हंट यांनी शिकागोच्या वसाहतींचा अभ्यास करताना हाच मुद्दा मांडला आहे, आणि मला तो इमारतींच्या वास्तुरचनेवर सगळा दोष टाकणाऱ्या विवेचनापेक्षा अधिक पटतो.

लिफ्टचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. हजारो मुले, खेळायला अपुरी जागा आणि इमारतीतील एकमेव हलणारी वस्तू म्हणजे लिफ्ट. मुले तिच्यात खेळत, बटणे दाबून ठेवत, दारे अडवत, आणि ती बंद पडे. दुरुस्तीला पैसे आणि माणसे कमी असत, त्यामुळे ती दिवसेंदिवस बंदच राही. मग किराणा सामान आणि तान्हे मूल घेऊन जिने चढावे लागत, ते जिने अंधारे असत आणि तेथे काय घडते आहे हे कोणालाच दिसत नसे. सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो या वसाहतीत अकरा मजल्यांच्या ३३ इमारती होत्या आणि खर्च वाचवण्यासाठी लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या व दहाव्या मजल्यावर थांबत असे. बाकीच्या मजल्यांवरील प्रत्येक मुलाला शाळेत जाता-येता त्या जिन्यांतून जावेच लागे. शाळांची स्थितीही वेगळी नव्हती. शिकागोत कृष्णवर्णीय वस्त्यांमधील शाळा भरून वाहत असताना शेजारच्या गोऱ्या वस्त्यांतील वर्गांत जागा रिकाम्या होत्या, तरी मुलांना तिकडे न पाठवता पटांगणात आणून ठेवलेल्या फिरत्या खोल्यांमध्ये वर्ग भरवले जात. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी शहरातील दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी याच्या निषेधार्थ शाळेवर बहिष्कार टाकला होता.

पैशाचा हिशेब कसा कोसळला तेही समजून घेतले पाहिजे. भाड्यातून देखभाल ही कल्पना तेव्हाच टिकते, जेव्हा भाडेकरूंना नियमित पगार असतो. पण उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर गेले की घर सोडावे लागेल असा नियम होता, त्यामुळे ज्यांची परिस्थिती सुधारत होती तीच कुटुंबे बाहेर पडत गेली. त्याच वेळी शहरांतले कारखाने बंद होत होते. शिकागोची युनियन स्टॉकयार्ड्स ही प्रचंड गुरांची बाजारपेठ आणि तिच्याभोवतीचा मांस उद्योग यांनी कित्येक पिढ्या अकुशल कामगारांना रोजगार दिला होता, आणि ती १९७१ साली बंद झाली. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी दाखवून दिले की नोकऱ्या गेल्या आणि त्याबरोबर नोकरी करणारे शेजारीही गेले, तेव्हा मागे उरलेल्या वस्तीत गरिबी केवळ वाढली नाही, तर एकवटली. अशा वस्तीतल्या मुलाला सकाळी कामावर जाणारी माणसे फारशी दिसत नाहीत, आणि कोठे जागा भरायची आहे हे सांगणारा ओळखीचा माणूसही त्याला भेटत नाही.

भाड्याचे उत्पन्न घटू लागले तशी प्राधिकरणांनी भाडी वाढवली. सेंट लुईसमध्ये काही कुटुंबांच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग भाड्यात जाऊ लागला आणि १९६९ साली तेथील भाडेकरूंनी भाडे देणे थांबवून मोठा संप केला. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित झाले. १९८१ साली ही मर्यादा ३० टक्के करण्यात आली आणि आजही तीच आहे. गरीब कुटुंबांना यामुळे श्वास घेता आला, परंतु कमी झालेल्या भाड्याची भरपाई करण्यासाठी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, द्यायचा निधी वर्षानुवर्षे अपुरा राहिला. निधी कमी म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून ज्यांना शक्य आहे ते घर सोडतात, ते गेले की भाडे आणखी कमी, असे हे चक्र होते. प्रुइट-आयगोच्या इमारती १९७२ पासून पाडायला सुरुवात झाली, तेव्हा त्या वीस वर्षांच्याही नव्हत्या.

नियमांनी कुटुंबांच्या आतही हात घातला. आश्रित मुलांसाठीच्या सरकारी मदतीच्या नियमांनुसार अनेक राज्यांत घरात धडधाकट पुरुष राहत असल्याचे आढळले तर आईची मदत बंद होत असे, आणि ते तपासण्यासाठी अधिकारी रात्री-अपरात्रीही येत. ज्या बापाला काम मिळत नव्हते त्याच्यापुढे दोनच मार्ग राहत : घरात राहून मुलांची मदत घालवायची किंवा घराबाहेर राहून ती वाचवायची. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अलाबामातील असा नियम रद्द ठरवला. पुढे १९८० आणि १९९० च्या दशकांत अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदे झाले आणि कुटुंबातील एकाने असा गुन्हा केला तरी संपूर्ण कुटुंबाला घर खाली करायला लावण्याचा अधिकार प्राधिकरणांना मिळाला. भाडेकरूला त्या गुन्ह्याची कल्पनाही नसली तरी हा अधिकार वापरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ओकलंड शहरातील वृद्ध भाडेकरूंच्या प्रकरणात ठरवले. म्हणजे एखाद्या आजीच्या डोक्यावरचे छप्पर नातवाच्या खिशात काय सापडते यावर अवलंबून राहिले, आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या धाकट्या नातवंडांचेही.

भाड्याच्या गणिताचा एक परिणाम तरुण मुलांवर थेट होतो, आणि तो बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतो. अठरा वर्षांखालील मुलाची कमाई भाडे ठरवताना मोजली जात नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र तो पूर्णवेळ विद्यार्थी नसेल, तर त्याचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जातो आणि साधारणपणे त्याच्या ३० टक्क्यांइतके भाडे वाढते. पहिली नोकरी लागलेला मुलगा घरात राहिला तर आईचे भाडे चढते, आणि भाडेपत्रातून नाव काढून बाहेर पडला तर त्याला परवडणारी जागा शहरात नसते. १९९८ च्या कायद्यापासून उत्पन्नाशी न जोडलेले ठराविक भाडे निवडण्याचा पर्याय आहे, पण अतिशय कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तो क्वचितच परवडतो.

शरीरावर होणारे परिणाम अधिक काळजीपूर्वक सांगायला हवेत, कारण ते लहान वयात होतात आणि टिकतात. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ साली बंदी आली, त्याआधी बांधलेल्या इमारतींमध्ये तो रंग भिंती आणि खिडक्यांवर राहिला. खिडकी उघडताना-लावताना तो झिजतो, त्याची धूळ जमिनीवर बसते आणि रांगणारे मूल हात तोंडात घालते तेव्हा शिसे शरीरात जाते. त्याची कोणतीही सुरक्षित पातळी नाही. ते मेंदूच्या वाढीत अडथळा आणते, आणि त्यामुळे वर्गात लक्ष न लागणे किंवा लवकर संतापणे याला मुलाचा स्वभाव समजले जाते. न्यूयॉर्कचे प्राधिकरण शिशाच्या तपासण्या न करताच केल्याचे सांगत होते, असा आरोप संघीय अभियोक्त्यांनी २०१८ साली केला आणि पुढच्या वर्षी तेथे स्वतंत्र देखरेख अधिकारी नेमण्यात आला. दम्याचेही तसेच आहे. गळके पाइप, ओलसर भिंती, बुरशी आणि झुरळे यांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. शहरांच्या मध्यवर्ती भागांतील मुलांवरील १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासात झुरळांची ॲलर्जी असून घरात त्यांचे प्रमाणही अधिक असलेल्या दमेकरी मुलांना इतर दमेकरी मुलांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले होते. रात्रभर खोकणारे मूल सकाळी शाळेत झोपते किंवा शाळेतच जात नाही, आणि त्याची आई कामावरची आणखी एक पाळी गमावते.

हिंसेचा परिणामही असाच खोलवर जातो. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी शिकागोतील मुलांच्या चाचण्यांचे निकाल आणि खुनांच्या नोंदी एकत्र तपासल्या. एकाच परिसरातील मुलांची तुलना केली असता, घराजवळ खून झाल्यानंतरच्या काही दिवसांत चाचणी दिलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण इतर वेळी चाचणी दिलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. त्यांनी तो खून पाहिलेला असणे आवश्यक नव्हते. शाळेतल्या गुणांवरून या मुलांची कुवत ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास वाचावा असे मला मनापासून वाटते.

या वसाहतींत केवळ हानी होती असे मात्र मुळीच नाही, आणि तसे लिहिणे तेथील लोकांवर अन्याय ठरेल. एकमेकींची मुले सांभाळणे, पैसे उसने देणे, एकाच घरातल्या चालू शेगडीवर दोन-तीन कुटुंबांचा स्वयंपाक होणे, हे रोजचे व्यवहार होते. शिकागोच्या आल्टगेल्ड गार्डन्समध्ये हेझल जॉन्सन यांनी १९७९ साली रहिवाशांची संघटना उभारली आणि वसाहतीभोवतीचे विषारी कचरा-भराव व घरांतील ॲस्बेस्टॉस यांविरुद्ध लढा दिला. वॉशिंग्टनच्या केनिलवर्थ-पार्कसाइड वसाहतीत किमी ग्रे यांनी १९७४ साली मुलांना महाविद्यालयात पाठवण्यासाठी उपक्रम सुरू केला, आणि १९८२ पासून तेथील व्यवस्थापनच रहिवाशांनी हाती घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांचे बालपण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील अशाच एका वसाहतीत गेले. तिला २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. अशी नावे सांगून ‘इच्छा असेल तर कोणीही वर येतो’ असे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. सोतोमायोर यांचे कुटुंब तेथे राहायला गेले तेव्हा ती वसाहत नवी होती, नीट राखलेली होती आणि शेजारी बहुतेक कामावर जाणारे होते. त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते ते हे, की चांगल्या स्थितीत ठेवलेले सरकारी घर मुलाला भक्कम आधार देते.

वस्तीचा मुलांवर नेमका किती परिणाम होतो, हे मोजण्यासाठी १९९४ पासून बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे एक मोठा प्रयोग झाला. सुमारे ४,६०० कुटुंबांत सोडत काढण्यात आली. एका गटाला कमी गरिबी असलेल्या भागातच वापरता येईल असे भाडे-साहाय्याचे कूपन मिळाले, दुसऱ्याला कोठेही चालणारे, तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या काही वर्षांत मुलांच्या परीक्षांत आणि पालकांच्या कमाईत फरक दिसला नाही. आयांचे आणि मुलींचे मानसिक आरोग्य मात्र सुधारले, आणि पुढे स्त्रियांमध्ये अतिस्थूलता व मधुमेहही कमी आढळला. प्रयोग फसला असे बरेच जण म्हणू लागले. मग मुले मोठी झाल्यावर, २०१५ साली, राज चेट्टी, नॅथनिअल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी करभरणीच्या नोंदी तपासल्या. वयाची तेरा वर्षे पूर्ण होण्याआधी कमी गरिबीच्या भागात गेलेल्या मुलांची विशीच्या मध्यातील कमाई तुलनेतल्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक होती. तेराव्या वर्षानंतर गेलेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडे नुकसानच झाले, कारण बहुधा स्थलांतराने मोडलेली घडी पुन्हा बसायला त्यांच्याजवळ पुरेशी वर्षे उरली नव्हती. शिकागोत पाडलेल्या इमारतींतून बाहेर पडावे लागलेल्या मुलांबाबतही असेच दिसले. २००४ च्या अभ्यासात शाळेच्या गुणांवर परिणाम आढळला नव्हता, पण एरिक चिन यांच्या २०१८ च्या अभ्यासात अशी मुले मोठेपणी नोकरीत असण्याची शक्यता, न पाडलेल्या इमारतींतील मुलांच्या तुलनेत, ९ टक्क्यांनी आणि त्यांची कमाई १६ टक्क्यांनी अधिक निघाली.

यावरून सरकारी घर म्हणजेच अपाय, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. वरील अभ्यासांत तुलना आहे ती एकवटलेल्या गरिबीतील घराची आणि बऱ्या वस्तीतील साहाय्यित घराची. भावंडांची आपसात तुलना करणाऱ्या वेगळ्या संशोधनात, ज्यांची किशोरवयातील अधिक वर्षे सरकारी किंवा साहाय्यित घरात गेली त्यांची कमाई मोठेपणी काहीशी अधिकच आढळली, कारण तेथे पर्याय होता तो न परवडणाऱ्या भाड्याचा आणि वारंवार घर बदलण्याचा. स्थिर छप्पर उपयोगी पडते आणि वस्तीचा एकाकीपणा बाधतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

धोरणाने त्यातली दुसरी गोष्ट ऐकली आणि पहिली बरीचशी बाजूला ठेवली. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या, खालावलेल्या वसाहती पाडून नव्याने बांधण्याच्या होप सिक्स या संघीय कार्यक्रमाखाली देशभर सुमारे एक लाख सरकारी घरे पाडण्यात आली. रॉबर्ट टेलर होम्सची शेवटची इमारत २००७ साली गेली, तर शिकागोच्याच कॅब्रिनी-ग्रीनमधील शेवटचा मनोरा २०११ साली. त्या जागी मिश्र उत्पन्नाच्या नव्या वसाहती आल्या, पण त्यांत जुन्या रहिवाशांपैकी थोड्यांनाच परतता आले. १९९८ च्या कायद्यातील फेअरक्लॉथ दुरुस्तीने कोणत्याही प्राधिकरणाची सरकारी घरे १ ऑक्टोबर १९९९ रोजीच्या संख्येपलीकडे वाढवण्यास संघीय पैसा मिळणार नाही असे ठरवले. भाड्याच्या मदतीस पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच आज ती मिळते.

ज्यांना कूपन मिळते त्यांतले अनेक जण पुन्हा गरीब वस्तीतच घर घेतात, आणि ते त्यांना तसेच आवडते असे मानले जाई. सिअॅटल आणि किंग काउंटीत २०१८ पासून झालेल्या प्रयोगाने हे तपासले. मुले असलेल्या काही कुटुंबांना कूपनाबरोबर घर शोधायला माणूस, अनामत रकमेसाठी थोडी मदत आणि घरमालकांशी बोलणी करणारा मध्यस्थ मिळाला. मुलांच्या भवितव्याच्या दृष्टीने चांगल्या ठरलेल्या भागांत जाणाऱ्यांचे प्रमाण नुसते कूपन मिळालेल्या गटात सुमारे १५ टक्के होते. मदत मिळालेल्या गटात ते ५३ टक्क्यांवर गेले आणि तेथे गेलेली बहुतेक कुटुंबे नंतरही तेथेच राहिली.